त्रेचाळिसावी रात्र

मे महिन्यात चंद्रभागा नावापुरती वाहते आणि वाळवंट खरोखरच वाळवंट होतं. उन्हानं पंढरपूरच्या दगडी फरश्या अशा तापतात की अनवाणी वारकरी सावलीची पट्टी शोधत चालतो. अशाच तापलेल्या दिवसांत, १ मे १९४७ रोजी, तनपुरे महाराजांच्या मठात एका ४७ वर्षांच्या माणसानं अन्न सोडलं. मागणी एकच होती: विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडं करा. माणसाचं नाव होतं पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी. आईबापांनी ज्या देवाचं नाव ठेवलं, त्याच देवाच्या दाराशी हा पांडुरंग उपाशी राहिला होता.

महाराष्ट्र मात्र त्यांना वेगळ्याच नावानं ओळखत होता. ते श्याम होते. घराघरांत त्यांची आई माहीत होती. तिची तुळस, तिचं आजारपण, तिचं फाटकं लुगडं, तिनं श्यामला दिलेला मार, हे सगळं लोकांना पाठ होतं. स्वतःच्या आईला इतकं सार्वजनिक करून टाकलेला दुसरा मराठी लेखक शोधून सापडणार नाही.

‘श्यामची आई’ म्हटलं की आपण रुमाल हातात घेऊन बसतो. शाळेत वाचून दाखवलेलं, सुट्टीत आजोळी वाचलेलं, बक्षीस समारंभात मिळालेलं पुस्तक. रडायचं, डोळे पुसायचे, पुस्तक कपाटात ठेवायचं. या रडण्याच्या नादात एक गोष्ट हातून निसटते. या पुस्तकात ४२ रात्री आहेत, पण गोष्ट बेचाळिसाव्या रात्री संपत नाही. तिची त्रेचाळिसावी रात्र सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात घडली. ती कागदावर आलीच नाही.

पांडुरंगाचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा. गाव पालगड, तालुका दापोली. घराणं खोतांचं, पण उतरणीला लागलेलं. कर्ज, सावकार, जप्ती हे शब्द घरात पाहुण्यासारखे आले आणि घरच्यासारखे राहिले. आई यशोदाबाई. माहेरी त्यांना बयो म्हणत. शिकण्यासाठी मुलगा दापोली, औंध करत पुण्याला पोहोचला, आणि तो तिथे असतानाच, १९१७ साली, आई गेली. तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. शेवटची भेट झाली नाही. पुढच्या सगळ्या लिहिण्याच्या मुळाशी ही चुकलेली भेट आहे.

लिहायला मात्र सोळा वर्षं जावी लागली. मधल्या काळात ते एम. ए. झाले, १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, तिथल्या वसतिगृहात मुलांची अंथरुणं घालू लागले, आजारी पोरांच्या उशागती बसू लागले. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लेखणी उचलली. १३ तारखेला, सोमवारी पहाटे, पुस्तक हातावेगळं झालं. पाच दिवस. दिवसभर सक्तीचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं. सोळा वर्षं साठलेलं पाणी बांध फुटावा तसं वाहिलं.

त्या लिहिण्याचा घाट पाहण्यासारखा आहे. श्याम एकटा बसून आईची आठवण काढत नाही. आश्रमातली सायंप्रार्थना झाली की सोबती भोवती बसतात, गावातली चार माणसं येऊन टेकतात, आणि मग तो सांगू लागतो. रोज एक आठवण, रोज एक रात्र. ज्याचं स्वतःचं घर मोडलं होतं आणि ज्यानं पुढे लग्नही केलं नाही, त्यानं परक्या माणसांचं कुटुंब जमवलं आणि त्यात आपली आई आणून बसवली. घरातलं माणूस गेलं की दहाव्या-बाराव्याला नातेवाईक जमतात आणि विधी उरकल्यावर ओटीवर बसून त्या माणसाच्या गोष्टी निघतात. हसणंही होतं, कोणीतरी मध्येच उठून आत जातं. पुस्तकाची चाल तीच आहे. शेवटच्या रात्रीचं नावही ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ असं आहे.

पहिली रात्र वटसावित्रीची. आई तापानं अशक्त झालेली. वडाला प्रदक्षिणा घालण्याचं तिच्या अंगात बळ नाही. ती श्यामला आपल्या वतीनं फेऱ्या घालायला पाठवते. बायकांच्या व्रताला मुलगा? पोरं हसतील म्हणून श्यामचा जीव अर्धा होतो, तरी तो जातो. दुसऱ्या एका रात्री न्हाऊन झालेला हट्टी मुलगा ओले तळवे मातीत टेकवायला तयार नाही, तर आई आपलं लुगडं धोंड्यावर पसरते आणि त्यावर पाय ठेवून त्याला घरात जाऊ देते. मग त्या निमित्तानं मनाच्या स्वच्छतेबद्दल एक वाक्य ऐकवते, जे महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ आहे. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला हीच आई माळ्यावरून शोधून काढते आणि झोडपते. पुढे चित्रपटानं आणि पाठ्यपुस्तकांनी तिला जितकी सोशिक केली, तितकी ती पुस्तकात नाही. फटका मारणारी आहे.

यातली एक रात्र पंढरपूरच्या रस्त्याला लागते. ‘देवाला सारी प्रिय’ असं तिचं नाव. महार समाजातल्या एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडाची मोळी वाटेत पडते. ती एकटीला उचलवत नाही आणि विटाळाच्या भीतीनं कोणी हात लावत नाही. श्यामची आई ते पाहते. ती मुलाला सांगते, जा, तिला मोळी चढवून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

ही आंघोळ विसरू नये. लेखकाला ती लपवता आली असती. १९३३ सालापर्यंत गांधीजींचं अस्पृश्यता निवारणाचं काम देशभर गाजत होतं. आईला थोडी पुढारलेली दाखवली असती तर वाचक खूशच झाला असता. साने गुरुजींनी तसं केलं नाही. कोकणातल्या ब्राह्मण घरातली, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली बाई जितकं पाऊल टाकू शकत होती तितकंच त्यांनी तिला टाकू दिलं. मोळी उचलणं हे तिचं धाडस होतं आणि आंघोळ ही तिची मर्यादा. तिनं अर्ध्यावर ठेवलेली वाट मुलगा १९४७ साली पुढे चालला.

अशी वाट चालणारा हा एकच मुलगा नव्हता. ‘श्यामची आई’च्या एक वर्ष आधी, १९३२ साली, साने गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते, आणि तिथेच विनोबाही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. कैदी ऐकत आणि गुरुजींची लेखणी धावत असे. विनोबांच्या तोंडचं ते सगळं त्यांनी भरभर टिपून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आहे. बोलणारा आणि टिपणारा, दोघंही आईवेगळे. टिपणाऱ्याची आई १९१७ साली गेली, बोलणाऱ्याची १९१८ साली.

विनोबांच्या आईचं नाव रुक्मिणी. बडोद्याला असताना ती गीतेच्या प्रवचनाला जायची. संस्कृत कळायचं नाही म्हणून तिनं विन्याला मराठी गीता आणायला सांगितलं. त्यानं आणून दिलेलं पद्यही तिला जड गेलं. तेव्हा तिनं सहज सुचवलं की सोपं मराठी करायचं काम त्यानंच अंगावर घ्यावं. मुलाला ते आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं, पण आईला वाटत नव्हतं. तिच्या हयातीत काही ते झालं नाही. १९१८च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाच्या साथीत, ती गेली. अंत्यविधी ब्राह्मणाकरवी नको, मीच करीन, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांना तो मान्य नव्हता, म्हणून ते स्मशानात गेलेच नाहीत. त्या दिवशी ते घरीच वेद वाचत बसले. आणि मग बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, त्यांनी गीतेच्या मराठी समश्लोकीला हात घातला. पुढच्या ६ फेब्रुवारीला ती पुरी झाली. तिला नाव दिलं ‘गीताई’. गीता आणि आई, दोन्ही एका शब्दात.

धुळ्याच्या त्या रविवारांत ही दोघं आपापल्या आयांबद्दल काय बोलली असतील, याची कुठे नोंद असेल तर ती वाचायला आवडेल. पुढे दोघांचीही वाट पंढरपूरला पोहोचली हे मात्र नक्की. सोलापूर जिल्ह्यातलं हे गाव मुळात आईबापांच्या सेवेवरच उभं आहे. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. दाराशी देव आला तर त्यानं मागे न वळता वीट भिरकावली आणि उभं राहायला सांगितलं. देव त्या विटेवर अजून उभाच आहे. चंद्रभागेच्या पात्रात पुंडलिकाचं देऊळ आहे आणि वारकरी आधी त्याचं दर्शन घेतात, मग देवाचं. देवापेक्षा आईबाप मोठे, हे सांगायला जगात कुठेही एवढं मोठं देवस्थान उभारलेलं नसेल.

आणि तो देवही कसला? बाप म्हणून हाक मारावी, तर लोक त्याला माउली म्हणतात. विठाई म्हणतात. खरीखुरी रखुमाई त्याच आवारात, आपल्या स्वतंत्र देवळात उभी आहे. तरी आई म्हणायचं ते या कमरेवर हात ठेवलेल्या काळ्या पुरुषाला. संतांच्या गोष्टींत तो बायकांची कामं करतो. गंगाखेडहून आईविना पंढरपूरला आलेल्या जनाबाईसोबत तो जात्याला बसतो, तिचे केस विंचरतो. संत चोखामेळ्याची बायको सोयराबाई अडली तेव्हा तो तिच्या नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन बाळंतपण करून गेला अशी कथा आहे. सुईण झालेला देव अन्यत्र ऐकण्यात नाही.

तो चोखामेळा मात्र अस्पृश्य म्हणून आयुष्यभर देवळाबाहेर राहिला. मंगळवेढ्याला, इथून जवळच, गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तो दबून गेला. वारकरी परंपरेत ते साल १३३८ मानतात. नामदेवांनी त्याच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. देवळाच्या पायरीवर नामदेव, पायरीसमोर चोखोबा. सहाशे वर्षांहून जास्त काळ लाखो वारकऱ्यांनी त्या समाधीवर डोकं ठेवलं आणि चोखोबाच्या जातीची माणसं आत जाऊ शकत नाहीत याचं कोणाला फारसं वाटलं नाही. ज्या लेकराचं बाळंतपण आईनं स्वतः केलं, त्याला घरात घ्यायचं नाही, असा हा हिशेब होता.

याच गावात आईपणाची आणखी एक बाजू होती, आणि तिच्यावर अभंग झाले नाहीत. एकोणिसाव्या शतकात वाट चुकलेल्या, फसवल्या गेलेल्या विधवांना तीर्थयात्रेच्या निमित्तानं पंढरपूरला पाठवलं जाई. बाळंतपण गुपचूप व्हायचं, मूल कुठेतरी सोडून दिलं जायचं किंवा संपवलं जायचं, आणि बाई परत गावी. १८७५च्या सुमारास लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातल्या गुजराती अधिकाऱ्यानं प्रार्थना समाजाच्या मदतीनं इथे बालहत्या थांबवण्यासाठी आश्रम काढला. पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्या गावात देवाला आई म्हणतात त्या गावात आई होणं लपवायला बायका येत. सुधारकांना हे दिसत होतं, टाळ-मृदंगाच्या गजरात इतरांना ते ऐकू येत नव्हतं.

आणि रमाबाई आंबेडकर. त्यांना पंढरपूरला जायचं होतं, विठ्ठल बघायचा होता. बाबासाहेबांनी त्यांना नेलं नाही. जिथे भक्ताला देवापासून दूर उभं करतात त्या पंढरपूरला जाऊन काय करायचं, आपण आपलं दुसरं पंढरपूर उभारू, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवलं आहे. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. लाखो लोक त्यांना रमाई म्हणतात. त्यांची ती साधी इच्छा पुरी झाली नाही, आणि त्याच वर्षी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. नाशिकच्या काळारामाच्या दाराशी पाच वर्षं लढून त्यांनी देवळांचा नाद सोडला होता. त्यामुळे १९४७ साली जेव्हा साने गुरुजी पंढरपूरला बसले, तेव्हा आंबेडकरी चळवळीला त्या दाराचं पूर्वीसारखं अप्रूप उरलेलं नव्हतं. हे दार सवर्णांना स्वतःच्या लाजेसाठी उघडायला हवं होतं. गुरुजींना बहुधा हे नीट कळलेलं होतं. त्यांची सगळी विनवणी स्पृश्यांकडे होती.

उपोषणाचा निश्चय १९४६च्या अखेरीसच झाला होता. सेनापती बापटांसारख्या ज्येष्ठांनी थांबवलं: आधी लोकांकडे जा, मग जीव पणाला लाव. मग गुरुजी पुढचे काही महिने महाराष्ट्रभर फिरले. सोबत राष्ट्र सेवा दलाची तरुण पोरं, त्यांचं कलापथक, पोवाडे, गाणी. गावोगाव सभा झाल्या. अनेक ठिकाणी देवळं आणि पाणवठे खुले झाले. गुरुजी भाषणात रडायचे. त्यांच्या रडण्याची टिंगल करणारे तेव्हाही होते आणि नंतरही झाले. पण ज्या माणसाला लोक हळवा म्हणून सोडून देतात, तोच कधी कधी कोणाचंही न ऐकणारा निघतो.

कोणाचंही म्हणजे गांधीजींचंही. उपोषण सुरू झाल्यावर ते सोडून द्यावं अशी त्यांची तार आली. आयुष्यभर गांधींना गुरू मानलेल्या या माणसानं ती मानली नाही. पंढरपुरात वातावरण तापलेलं होतं. साने, भीमेपलीकडे चालते व्हा, विठ्ठलाचं दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या घोषणा रस्त्यात दिल्या जात होत्या. मठात मात्र भजन चालू होतं. दिवस जात होते आणि गुरुजींचा आवाज खोल जात होता. अखेर दादासाहेब मावळणकर मध्यस्थीला आले, देवळाच्या बडवे पुजाऱ्यांशी बोलणी झाली, आणि दहा दिवसांनी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

दार उघडलं म्हणून सगळी मनं उघडली असं नव्हे. काही कर्मठांनी विठ्ठलाचं तेज मूर्तीतून काढून घागरीत ठेवल्याची गोष्ट पंढरपुरात सांगतात. बाटलेल्या मूर्तीला नमस्कार नको म्हणून घागरीला करायचा! देव ऐकेना तर देवाला पाणी करून ठेवणारी ही युक्ती ऐकून जनाबाई हसली असती.

एक योगायोग इथे सांगून टाकायला हवा. त्या शनिवार-रविवारी पंढरपुरात उपोषण सुटल्याचा आनंद होता, आणि ११ मे १९४७च्या त्या रविवारी अमेरिकेत मदर्स डे होता. तो दिवसही एका लेकीनं गेलेल्या आईसाठी सुरू केला. अ‍ॅना जार्व्हिसची आई मे १९०५ मध्ये वारली. १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये तिनं पहिला समारंभ घडवला आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार जाहीर करून टाकला. पुढे फुलवाल्यांनी आणि कार्डवाल्यांनी तो दिवस असा काही बळकावला की अ‍ॅनानं उरलेलं आयुष्य आपणच सुरू केलेला सण मोडून काढण्यासाठी भांडण्यात घालवलं. पंढरपुरात तेव्हा या रविवारची कोणाला गंधवार्ता असणार?

आपल्याकडे आईचे दिवस आधीपासूनच दोन आहेत. एक श्रावणातल्या अमावास्येचा, पिठोरीचा. सोलापूरकडच्या अनेक घरांत अजूनही तो होतो. खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून आई पाठमोरी बसते आणि विचारते, अतीत कोण? मागून पोर म्हणतं, मी. घरातलंच पोर, रोज ताटात जेवणारं. पण त्या दिवशी ते दाराशी आलेल्या अतिथीसारखं बोलतं आणि आई त्याला वाण देते. दुसरा दिवस भाद्रपदातला, पितृपक्षातली अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या आईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. तिच्या आवडीचं करायचं, एखाद्या सवाष्णीला जेवायला बोलवायचं, ओटी भरायची. पिठोरीपासून ही नवमी जेमतेम चोवीस दिवसांच्या अंतरावर येते. जिवंत आईचं कौतुक आणि गेलेल्या आईचं पान, एकाच महिन्याभरात. श्यामची आई सवाष्ण गेली होती. पितृपक्षात अशा आईचं पान वाढायचं ते या नवमीलाच.

गुरुजी त्यानंतर फार जगले नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, पुतणी सुधेला पत्रं लिहिली, जी ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुढे छापली गेली. स्वतःला मूलबाळ नसलेला हा माणूस त्या पत्रांतून पुतणीला फुलं, पाऊस, नदी, कविता असं सगळं वाटत होता. बयोच्या घराण्यातली माया एक पिढी पुढे सरकत होती. ११ जून १९५० रोजी ते गेले. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेला ‘श्यामची आई’ चित्रपट त्यांना पाहता आला नाही. आईच्या भूमिकेत वनमाला, श्याम म्हणून माधव वझे. देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा, १९५४ साली, सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळालं. २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल, आणि तिलाही उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आई काही जुनी होत नाही.

दुसरा मुलगा पंढरपूरला आला तो मे १९५८ मध्ये. भूदानाच्या पदयात्रेत विनोबा इथे पोहोचले. सर्वोदय संमेलन भरणार होतं. पाच वर्षांपूर्वी तेव्हाच्या बिहारमधल्या वैद्यनाथधामला हरिजनांसोबत देवळात शिरताना त्यांना मारहाण झाली होती, त्यामुळे बोलावल्याशिवाय देवळात जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पंढरपूरच्या पुजाऱ्यांनी त्यांना बोलावलं, आणि सोबत असतील त्या सगळ्यांना घेऊन या म्हणाले. सोबत मुसलमान होते, ख्रिस्ती होते. सगळे आत गेले. विठ्ठलासमोर उभ्या असलेल्या विनोबांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं असं पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. विठ्ठलाची रखुमाई आणि त्यांची आई, दोघींचं नाव एकच होतं.

बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं २०१४ साली संपले. आज पंढरपुरात कोणीही रांगेत उभं राहतं आणि देवाच्या पायांवर थेट डोकं ठेवतं. पायांना हात लावू देणारी अशी मोठी देवस्थानं देशात थोडीच आहेत. नामदेव पायरीकडून आत शिरलात तर आधी चोखोबांच्या समाधीपाशी घटकाभर थांबा. ती अजून तिथेच, बाहेर आहे.

आणि घरी ‘श्यामची आई’ असेल, असेलच, तर या पिठोरीला किंवा नवमीला जेवणं आटोपल्यावर ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. म्हातारीला मोळी चढवून दिल्यावर श्यामला आंघोळ का करायची होती, हे ती विचारतील. त्यांना खरं उत्तर द्या.